पाच देशांची मदत

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे मला शहाणपणाचा आव आणायची सोय राहणार नाही. दोन हजार आठ सालच्या दिवाळीत, दुबईत, ऊद मेथातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, वीस पाहुण्यांच्या देखत, हातात चकल्यांचं ताट घेऊन मी मिलेनावहिनींना ओरडून म्हणाले, "वहिनी, बघा तरी कुणाला आणलंय तुमच्यासाठी! तुमच्या गावाकडचे!" आणि दारात उभ्या असलेल्या एका पोलिश माणसाला मनगटाला धरून आत ओढलं.

मिलेनावहिनी चेक. तो पोलंडचा. आमचे हे आदल्या दिवशी म्हणाले होते, "अगं, दोन वेगळे देश आहेत ते." मी म्हटलं, "असतील. सांगली आणि कोल्हापूरही वेगळंच आहे की. शेजारी शेजारी तर आहेत! शिवाय दोघं एकाच कराराचे मेंबर होते. वॉर्सा करार. मला नका शिकवू."

कराराचं मला एवढं माहीत असायचं कारण असं, की कॉलेजात असताना मी एका अभ्यासमंडळात जायची. समाजवादी देशांचं बंधुत्व वगैरे तिथे शिकवत. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण शिकवणाऱ्याला दाढी शोभायची. रशियाहून येणारी गुळगुळीत कागदाची मासिकं मी मान डोलवत वाचायची आणि नंतर धाकट्या भावाच्या वह्यांना त्यांची कव्हरं घालायची. त्या कव्हरांवर ट्रॅक्टरवर बसलेली, गालांवर लाली असलेली माणसं हातात हात घालून हसत असत. ते हातात हात माझ्या डोक्यात तसेच राहिले. त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत!

परवा नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, यू कुड हॅव जस्ट गूगल्ड इट." खरंय बाई. पण मला तेव्हा माणसं एकमेकांना भेटवून द्यायचा रोग होता. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना तो होतोच. कोणी सातारचा म्हटला की दुसरा सातारचा शोधून त्याच्यासमोर उभा करायचा, आणि दोघं कंटाळून एकमेकांकडे बघत बसले की आपण कृतकृत्य व्हायचं. इथल्या मराठी मंडळाच्या महिला विभागाची मी सेक्रेटरी. केस काळे केलेले. अंगात नुसता उत्साह.

पण मला सांगायचंय ते मिलेनावहिनींबद्दल.

त्यांचं मराठी वाईच्या सासूबाईंकडून आलेलं. श्रीकांतराव परचुरे तरुणपणी ब्रनोला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि परत येताना ही उंच, निळ्या डोळ्यांची, मोठ्या पंजांची बायको घेऊन आले. सासूबाईंनी तीन दिवस अन्न सोडलं आणि चौथ्या दिवशी सुनेला भाकरी थापायला बसवलं. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी तिला जी भाषा शिकवली ती सत्तरीच्या बाईची होती. त्यामुळे वहिनी तिशीतच "अगो", "मेला", "शिंचा" म्हणायला लागल्या. आम्ही दोघी एकाच शाळेत नोकरीला होतो, मी चौथीला हिंदी शिकवायची आणि वहिनी लायब्ररी सांभाळायच्या. तिथे मल्याळी, सिंधी, पंजाबी पोरं पुस्तकाची पानं दुमडायची, आणि ही गोरीपान बाई स्टार्च केलेल्या सुती साडीत उभी राहून "मेल्यांनो!" म्हणून गरजायची. पोरांना वाटे, चेक भाषेतली भयंकर शिवी आहे.

आम्ही राहायलाही एकाच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, समोरासमोर. माझ्या दारावर पितळेची पाटी. मराठीत नाव, इंग्रजीत नाव, वर गणपती. त्यांच्या दारावर स्क्रूची दोन भोकं. पाटी श्रीकांतरावांनी लावली होती, वहिनींनी दुसऱ्या दिवशी काढली. त्या काळात दुबईत घराला पत्ता असा नसेच. टपाल पोस्टाच्या पेटीत यायचं, आणि माणसाला सांगायचं, अमक्या सुपरमार्केटच्या मागे, तमक्या क्लिनिकच्या वर. सगळे वैतागायचे. वहिनी म्हणायच्या, "मला या गावात म्हणूनच झोप लागते."

रस्ता त्या कुणालाही सांगत नसत. एकदा आमच्या स्टाफ बसला नवा पठाण ड्रायव्हर आला. रोजचा रस्ता खणून ठेवलेला, त्याला वाट सापडेना. वहिनी पुढच्याच सीटवर. दहा वर्षं त्याच बसने जाणारी बाई. त्याने विचारलं, "मॅडम, इधर से लेफ्ट या राइट?" वहिनी म्हणाल्या, "मालूम नहीं." आम्ही तीन फेऱ्या मारून प्रार्थना संपल्यावर शाळेत पोचलो आणि प्रिन्सिपलची बोलणी खाल्ली. मी चिडून म्हटलं, "वहिनी, तुम्हाला माहीत नव्हतं होय?"

"माहीत होतं."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"रस्ता सांगायचा नाही आणि चुकवायचाही नाही. असं ठरवलंय मी." आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मेंबर त्या कशाच्याच झाल्या नाहीत. मंडळाच्या, भिशीच्या, कशाच्याच. गणपतीत आमच्याबरोबर दोनशे माणसांची भांडी घासतील, पण फॉर्मवर सही म्हटलं की हात खिशात. साडी नसली की त्या मोठ्या खिशांचा घरचा फ्रॉक घालत, साडीवर एसीसाठी खिशांचं जाकीट, आणि नकार द्यायचा असला की हात त्या खिशांत जात. मी फॉर्म घेऊन दर वर्षी त्यांच्या मागे लागायची.

"मेंबर झालं की मदत करायला येतात," त्या म्हणायच्या.

"मग चांगलंच की!"

"मदत विचारून करायची असते, सुधा. आणि नको म्हटलं की परत जायचं असतं."

एक्क्याण्णव सालच्या जुलैमधली गोष्ट. शाळेला सुट्टी, निम्मी इमारत गावी गेलेली. दुपारी बेल वाजली. दारात वहिनी, हातात पेढ्यांचा पुडा.

"काय वहिनी, कुणाचं काय ठरलं?"

"एक मंडळ बंद झालं," त्या म्हणाल्या. "प्राहाला, म्हणजे तुमच्या प्रागला. सगळे जमले आणि सही करून बंद केलं. घे, दोन घे."

तो वॉर्सा करार. त्याचं पूर्ण नाव त्यांनी मला त्या दिवशी एका दमात म्हणून दाखवलं, अथर्वशीर्ष म्हणावं तसं: मैत्री, सहकार्य आणि परस्पर मदत यांचा करार. पंचावन्न साली आठ देशांनी सही केली होती. मी पेढा खात म्हटलं, "नाव किती छान आहे नाही?" वहिनींनी पुडा मिटला आणि गेल्या. मला वाटलं, आणखी कुणाकुणाला द्यायचे असतील.

त्यांची लायब्ररी म्हणजे जुन्या नकाशांची धर्मशाळा होती. जे देश उरले नाहीत त्यांचे नकाशे इतर शाळांनी टाकून दिले, वहिनींनी जपले. बारावीची एक मुलगी, रेश्मा, एकदा शीतयुद्धावरचा तक्ता घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. आठ झेंडे गोल काढलेले आणि प्रत्येक झेंड्याला दोन हात, एकमेकांत गुंफलेले. मी तिथेच वह्या तपासत होते. मला माझी मासिकाची कव्हरं आठवली. गहिवरून आलं.

वहिनींनी विचारलं, "या लष्कराने युद्ध कुणाशी केलं?"

"नेटो, मॅम."

"कधी?"

रेश्माने पुस्तक चाळलं. "इट्स नॉट गिव्हन इन द टेक्स्टबुक, मॅम."

"कारण झालंच नाही." वहिनींनी लाल पेन्सिल घेतली आणि त्या सुबक तक्त्यावर बाण काढायला सुरुवात केली. रशिया, पोलंड, हंगेरी, बल्गेरिया, पूर्व जर्मनी. पाची बाण एकाच झेंड्याकडे, चेकोस्लोव्हाकियाच्या. "अख्ख्या आयुष्यात हे लष्कर मिळून एकदाच बाहेर पडलं, अडुसष्ट साली. स्वतःच्याच मेंबरच्या घरात. त्यांनी थोडी खिडकी उघडली होती, वारा यावा म्हणून. रुमानिया म्हणाला, मी नाही येत. आल्बानिया रुसून आधीच बाहेर बसला होता. बाकीचे आले. त्याला काय म्हणाले ठाऊक आहे? बंधुत्वाची मदत."

रेश्माला तक्ता खराब केल्याबद्दल दोन मार्क कमी मिळाले. वहिनी मला म्हणाल्या, "बघ, हात गुंफलेले ठेवले असते तर पूर्ण मिळाले असते."

आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात, एवढं तरी मला तेव्हा सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

श्रीकांतराव आजारी पडले ते दोन हजार चार साली. वहिनी दिवसभर हॉस्पिटलात. मी मंडळाच्या बायका जमवल्या. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची, नळ उघडा राहिला, गॅस राहिला, अशा वेळेसाठी. आम्ही सहाजणी आत शिरलो आणि घर घासून पुसून लख्ख केलं. फडताळात मागे एक मोठी काचेची बरणी होती, आत काहीतरी फेसाळलेलं, आंबट वासाचं. "ईऽऽ, सडलंय!" म्हणून आम्ही ते ओतलं आणि बरणी धुऊन पालथी घातली. तो मिठात मुरवलेला कोबी होता. श्रीकांतरावांना शिक्षणाच्या दिवसांतली चव हवी होती. वहिनी दोन आठवडे तो मुरवत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात घालून नेणार होत्या.

त्या आल्या. पालथी बरणी बघितली. आम्ही सहाजणी ओळीने उभ्या, कमरेला पदर खोचून, शाबासकीची वाट बघत.

"पाच देश निघाले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सहा."

आणि माझ्याकडे हात पुढे केला. किल्लीसाठी.

पुढच्या आठवड्यात श्रीकांतराव गेले. तेराव्याला मंडळातल्या एकीने हळूच सुचवलं, वहिनी, आता टिकली काढायला हवी. वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंनी लावायला शिकवली. काढायला नाही शिकवली." नंतर कुणी त्या वाटेला गेलं नाही.

इतकं सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असताना मी त्या दिवाळीत काय केलं ते आता नीट सांगते.

आमच्या ह्यांच्या जबल अलीच्या ऑफिसात एक पोलिश क्रेन सुपरवायझर होता. नाव लांबलचक, सगळे स्टॅन म्हणत. साठीला आलेला, एकटा, तांबडा चेहरा, शुक्रवारी उम्म अल कुवैनला जाऊन मासे पकडायचा आणि पकडलेले परत सोडायचा. डिसेंबरात रिटायर होऊन मायदेशी जाणार होता. मला त्याची दया आली. मला कुणाचीही दया येऊ नये, अशी खरं म्हणजे सोय हवी होती.

शुक्रवारची दुपार. फराळ मांडलेला. वहिनींनी अनारसे केले होते, खसखशीऐवजी तीळ लावून. खसखशीला या देशात बंदी आहे, बॅगेत सापडली तर विमानतळावरूनच उचलतात. त्यांच्याकडच्या सणाच्या पावातही खसखस लागते. "माझी दोन्ही माहेरं इथे जप्त झाली," असं त्या दर दिवाळीला म्हणत. त्या दिवशीही म्हणाल्या. खुशीत होत्या.

लिफ्ट बंद होती. स्टॅन चार मजले चढून आला, घामाने निथळत. मी ते "तुमच्या गावाकडचे" वगैरे आरडाओरडा केला, आणि आलेल्याला आधी पाणी द्यायची आपली रीत, म्हणून वहिनींच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. "तुम्हीच द्या, वहिनी. तुमचा पाहुणा!"

त्याला बायकांशी बोलायचा सराव नव्हता. पण त्याने धीर केला, छातीवर हात ठेवला, आणि धापा टाकत म्हणाला, "प्रोसिम, वोदु."

ते चेक होतं. कृपा करून, पाणी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जास्त.

वहिनींनी इंग्रजीत विचारलं, "कुठे शिकलात?"

"सैन्यात," तो म्हणाला. "अडुसष्ट साली. एकोणीस वर्षांचा होतो. तुमच्या लोकांनी सगळ्या पाट्या पुसून टाकल्या होत्या! फाट्याफाट्यावर थांबायचो, पाटी कोरी. दिवसभर भटकलो आम्ही, एकाच चर्चवरून तीनदा गेलो. आणि ऊन! हे एक वाक्य शिकलो, प्रत्येक दारात म्हटलं. कुणी पाणी दिलं नाही." तो हसला. घाबरलेला माणूस हसतो तसं. "चाळीस वर्षांनी मिळतंय."

आणि त्याने हात पुढे केला.

वहिनी ग्लास धरून उभ्या होत्या. मग वळल्या, बाल्कनीत गेल्या, पाणी माझ्या तुळशीत ओतलं, परत येऊन ग्लास ट्रेमध्ये पालथा ठेवला. "येते, सुधा," म्हणाल्या. समोरचं दार बंद झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

आता तुम्हाला वाटेल, मला माझी चूक कळली. छे! मला राग आला. दारात आलेल्या माणसाला पाणी नाही? दिवाळीत? माझ्या घरात? मी महिनाभर ज्याला त्याला सांगत सुटले, की कितीही झालं तरी रक्त परकंच, वाईच्या सासूबाईंनी भाषा शिकवली पण संस्कार द्यायचे राहिले. हे वाक्य मी बोलले आहे. लिहिताना हात जड होतो, पण बोलले आहे. बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसत होतो.

नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"रेडिओवर सांगितलं होतं, पाट्या काढा. रस्त्यांची, गावांची नावं पुसा, म्हणजे त्यांना वाट सापडणार नाही. मी आणि बाबा गेलो. आमच्या गावाच्या फाट्यावर दोन पाट्या होत्या, एक शहराकडची, एक आमच्या गावाची. मी शिडीवर, बाबा खाली चुन्याचा डबा धरून. मी हसत होते गं. वीस वर्षांची होते. वाटलं, काय फजिती केली मेल्यांची."

बस सिग्नलला थांबली. मग सुटली. वहिनी पुढे सांगू लागल्या.

"दुसऱ्या दिवशी ट्रकची रांग आली. त्यांना शहरात जायचं होतं. ती आमच्या गल्लीत शिरली. गल्ली किती, तर एक बैलगाडी जाईल एवढी. हाना सायकलवरून दूध घेऊन येत होती. माझी धाकटी बहीण. रशियन नव्हते ते, पोलिश होते. शेजारचे. ट्रकमधून एक पोरगा खाली उतरला, पांढराफटक, आणि आईला काहीतरी विचारायला लागला. भाषा जवळची, आईला कळलं. तो विचारत होता, हे गाव कोणतं. हाना तिथे पडलेली, आणि तो गावाचं नाव विचारत होता."

"मग?"

"आईने सांगितलं नाही."

मी त्यांचा हात धरायला गेले. तो खिशात होता.

"पाटी असती तर ते फाट्यावरून सरळ गेले असते का? एवढंच मला विचारायचंय, सुधा. चाळीस वर्षं. कुणाला विचारणार? बाबांना विचारलं नाही, त्यांनी डबा धरला होता. श्रीकांतला विचारलं तर तो म्हणाला, तुझी काय चूक. तो नवरा होता, तो तेच म्हणणार. ज्याला ठाऊक असेल अशा माणसाला तू चकल्यांच्या ताटाबरोबर आणून उभं केलंस. आणि मी पाणी ओतून निघून आले."

शाळा आली. बाकीचा स्टाफ उतरला. मी आयुष्यात पहिल्यांदा, पुढचं पाऊल टाकायच्या आधी, विचारलं.

"वहिनी, त्याला बोलावू का? तो पंधरा दिवसांत जाणार आहे. तुम्ही नको म्हणालात तर नाही बोलावणार."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "विचारलंस," त्या म्हणाल्या.

आठ दिवस गेले. मी रोज मरत होते, पण तोंड उघडलं नाही. हेही आयुष्यात पहिल्यांदाच. मग एका संध्याकाळी त्या दारात आल्या. "बोलव. आणि तू पण ये. दाराजवळ बस. बोलू नकोस."

तो टोपी हातात घेऊन आला. भोकं असलेल्या त्या दारासमोर क्षणभर थांबला. वहिनींनी टेबलावर पाण्याचा जग आणि एक रिकामा ग्लास ठेवला होता, पण भरला नाही. दोघं समोरासमोर बसले. वहिनी चेकमध्ये बोलल्या, तो पोलिशमध्ये. त्यांना एकमेकांचं कळत होतं. मला फक्त "हाना" एवढं कळलं. ते एकदाच आलं.

वहिनींचं बोलून झालं. स्टॅनने काहीतरी विचारलं, वहिनींनी एकच शब्द सांगितला, तो मान हलवत राहिला. नंतर वहिनींनी एवढंच सांगितलं, की त्याने गावाचं नाव विचारलं होतं. आपण त्या गावात होतो की नव्हतो हे त्याला सांगता येईना. नावं पुसली होती ना.

मग त्याने टोपी मांडीवर ठेवली, वहिनींच्या डोळ्यांत बघितलं आणि दोन छोटी वाक्यं बोलला. ठाम. वहिनी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला तिथून पळावंसं वाटलं. मग उठल्या, ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला. तो एका दमात प्याला. त्यांनी पुन्हा भरला. तोही प्याला.

निघताना तो त्यांच्या रीतीप्रमाणे हाताचं चुंबन घ्यायला वाकला. वहिनींनी हात खिशात घातले.

ती दोन वाक्यं काय होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गरजच वाटली नाही मला! पाणी दिलं म्हणजे मिटलं. मी जमवलं! पुढच्या महिला दिनाला मंडळाच्या स्टेजवर चढून मी ही कथा सांगितली, नावं न घेता, पण सगळ्यांना कळेल अशी. "दोन देशांचं वैर मी एका ग्लासाने मिटवलं," असं माझं शेवटचं वाक्य होतं. टाळ्या पडल्या. वहिनी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी भांडी घासली, आणि मी फॉर्म पुढे केला तर नेहमीसारखे हात खिशात.

स्टॅनचं कार्ड दर नाताळला त्यांच्या पोस्टाच्या पेटीत यायचं. एका वर्षी आलं नाही. नंतर आलंच नाही.

आमची इमारत दोन वर्षांपूर्वी रिकामी केली, पाडायची म्हणून. आम्ही मुलाकडे शारजाला गेलो. वहिनींच्या मुलाला, मिलिंदला, सिंगापूरची नोकरी मिळाली होती. तो म्हणाला, आई चल. त्या म्हणाल्या, नाही, मी गावी जाते. चुलतबहीण होती तिथे. पंच्याहत्तरीची बाई त्या फाट्यावरून एकटी आत जाणार होती.

त्या निघाल्या त्या सकाळी मी आमच्या दारावरची पितळेची पाटी उतरवत होते. स्क्रू गंजले होते. निघाली एकदाची. मागे दोन भोकं राहिली, आणि दोन्ही दारं सारखी दिसायला लागली.

नातूर म्हणजे आमचा वॉचमन, कासरगोडचा म्हातारा, त्याने बॅगा खाली नेल्या. मी पाण्याची बाटली घेऊन टॅक्सीशी गेले. वहिनी मागच्या सीटवर बसल्या होत्या. कपाळावर टिकली.

"वहिनी, पाणी देऊ?"

"दे."

दिली. मग मला राहवेना. सत्तरी आली तरी खोड जात नाही. मी म्हटलं, "काही म्हणा, त्या स्टॅनला मी आणलं म्हणून तुमच्या मनातलं ते मिटलं तरी."

ड्रायव्हरने "यल्ला, मॅडम" म्हणत गाडी सुरू केली. वहिनींनी त्याला हाताने थांबवलं, काच पूर्ण खाली केली आणि मला म्हणाल्या:

"तो म्हणाला, आम्ही पाट्यांकडे बघतच नव्हतो, आमच्याजवळ नकाशे होते. तुझ्या दिवाळीत काय सांगत होता ते आठव, सुधा. माझ्यासाठी खोटं बोलला मेला. म्हणून पाणी दिलं."